मुंबईत एडास घ्यावे का : काय चालू ठेवायचे, काय बंद

प्रश्नकर्त्यांची परिस्थिती थोडक्यात अशी आहे. रोजचा प्रवास बोरिवली ते विक्रोळी, महिन्यातून एकदा साताऱ्याला गावी जाणे, आणि घरात गाडी चालवणारी दुसरी व्यक्ती म्हणजे ६७ वर्षांचे वडील. नवी गाडी घेताना एडास (चालकाला इशारे देणाऱ्या आणि गरज पडल्यास ब्रेक किंवा स्टिअरिंगमध्ये मदत करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सुविधा) असलेल्या वरच्या व्हेरियंटसाठी सुमारे दीड लाख रुपये जास्त मोजावे लागत आहेत. त्यांच्या एका मित्राच्या गाडीने पश्चिम द्रुतगती महामार्गावर दुचाकी आडवी येताच आपोआप ब्रेक लावला, मागून टॅक्सी येऊन आदळली, आणि तेव्हापासून त्या मित्राने सगळी यंत्रणाच बंद करून ठेवली आहे. असे असेल तर हे दीड लाख पाण्यात जाणार का, असे त्यांनी विचारले आहे.

गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांची दुरुस्ती हे माझे काम आहे. अलीकडे त्यातला बराच वेळ काच किंवा बंपर बदललेल्या गाड्यांचे कॅमेरे आणि रडार पुन्हा जुळवण्यात, म्हणजे कॅलिब्रेशनमध्ये जातो, आणि जुळवणी झाल्यावर गाडी रस्त्यावर नेऊन तपासावीही लागते. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगतो. फक्त बोरिवली-विक्रोळी एवढाच प्रश्न असता, तर जाहिरातीत जी वैशिष्ट्ये ठळकपणे दाखवतात त्यांच्यासाठी जादा पैसे मोजू नका, असेच मी सांगितले असते. साताऱ्याचा प्रवास आणि वडील हे दोन मुद्दे आले की मात्र हिशेब बदलतो. तो किती बदलतो हे तुम्ही नेमकी कोणती गाडी घेता आणि ती कशी चालवता यावर अवलंबून आहे.

मुळात घोटाळा होतो तो एडास ही एकच वस्तू आहे असे समजल्यामुळे. प्रत्यक्षात आठ-दहा वेगवेगळ्या सुविधांचे ते गाठोडे असते. त्यांतल्या काही फक्त इशारा देतात, काही अगदी शेवटच्या क्षणी क्षणभर हस्तक्षेप करतात, आणि काही सतत गाडी चालवण्यात भाग घेतात. विक्रेते ज्या ‘लेव्हल २’चा गजर करतात, ती पातळी अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या शून्य ते पाच अशा श्रेणीतली आहे. गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्ही एकाच वेळी सांभाळते, पण लक्ष ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाची असते, एवढाच लेव्हल २चा अर्थ. गंमत अशी की आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक, ब्लाइंड स्पॉटचा (आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या वाहनाचा) इशारा, लेन सुटल्याचा इशारा या सगळ्या गोष्टी त्याच श्रेणीत लेव्हल शून्यमध्ये मोडतात, आणि मुंबईत खरा उपयोग होतो तो नेमका यांचाच. म्हणजे शोरूममध्ये ज्या आकड्याने तुम्हाला भुलवले जाते, त्या आकड्याचा तुमच्या रोजच्या रस्त्याशी फारसा संबंध नाही.

त्याचे कारण या यंत्रणेच्या गृहीतकांत आहे. आरशामागे, समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला बसवलेला कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे, वाहने आणि माणसे ओळखतो. काही गाड्यांत बंपरमध्ये किंवा ग्रिलमागे ७७ गिगाहर्ट्झचे रडारही असते, जे समोरच्या वाहनाचे अंतर आणि त्याचा सापेक्ष वेग मोजते. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (समोरच्या वाहनापासून अंतर राखत ठरवलेला वेग सांभाळणारी सुविधा) आणि लेन कीप असिस्ट (गाडी पट्ट्यांच्या आत ठेवण्यासाठी स्टिअरिंगला हलका जोर देणारी सुविधा) यांना दोन गोष्टी लागतात : ठळक पट्टे आणि समोर मोकळे अंतर. तुमच्या मार्गावर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला मेट्रो ६च्या कामासाठी जिथे पत्रे लावलेले असतात, तिथे त्यांच्यामुळे लेन डावी-उजवीकडे सरकतात, आणि अशा ठिकाणी जुने पुसट पट्टे आणि नवे पट्टे एकाच वेळी दिसतात. कॅमेऱ्याला जो पट्टा जास्त ठळक दिसेल तोच तो खरा मानतो. अंतराचे म्हणाल, तर ताशी ५० किलोमीटर वेगाला दोन सेकंदांचे अंतर म्हणजे सुमारे २८ मीटर. एवढ्या जागेत पश्चिम द्रुतगतीवर एक टॅक्सी, एक रिक्षा आणि दोन-तीन दुचाकी सहज मावतात आणि शिरतातही. प्रत्येक जण शिरला की क्रूझ वेग कमी करून पुन्हा अंतर मोकळे करते, त्यात पुढचा शिरतो, आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात. म्हणून शहरात अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ वापरू नये आणि लेन कीप असिस्ट बंद ठेवावे, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. लेन कीप बहुतेक गाड्यांत ताशी ६० किलोमीटरच्या आसपास जागे होते आणि इंडिकेटर दिला की गप्प बसते. इंडिकेटर न देता खड्डा चुकवायला स्टिअरिंग वळवणाऱ्याला मात्र ते उलट दिशेला हलका जोर देते, आणि मग लोक यंत्रणेला दोष देतात.

आता तुमच्या मित्राच्या ब्रेकविषयी, कारण तुमच्या मनातली खरी भीती तीच दिसते. समोरच्या वाहनापर्यंतचे अंतर भागिले जवळ येण्याचा वेग, म्हणजे धडक व्हायला किती सेकंद उरले, हा हिशेब यंत्रणा सतत करत असते. दुचाकी सहा मीटरवर आडवी आली आणि तुम्ही तिच्यापेक्षा सेकंदाला पाच मीटर वेगाने पुढे जात असाल, तर हाती सव्वा सेकंदही उरत नाही. तो दुचाकीवाला पुढच्या फटीतून पलीकडे निसटणार आहे, हे तुम्हाला त्याच्या खांद्यांच्या हालचालीवरून कळते, कारण तुम्ही वर्षानुवर्षे याच रस्त्यावर चालवत आला आहात. गाडीला ते कळत नाही. ती आधी आवाज आणि दिवा देते, मग हलका ब्रेक लावते, आणि तरीही प्रतिसाद मिळाला नाही तर पूर्ण ताकदीने ब्रेक लावते. आपल्याला अनावश्यक वाटणारे बरेचसे ब्रेक या हिशेबाने चुकीचे नसतात. आपणच रोज इतक्या कमी फरकाने वाचत असतो की ते आपल्या अंगवळणी पडलेले असते.

मागून टॅक्सी आदळली ही गोष्ट खरी आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. मात्र तेवढ्यासाठी ही सुविधा बंद करणे मला पटत नाही. मुंबईत रस्ते अपघातांत जीव गमावणाऱ्यांत पादचारी आणि दुचाकीस्वार सर्वाधिक असतात. मागून बसलेल्या धक्क्याने बंपर आणि डिकीचा पत्रा जातो, तर पुढे माणूस असेल तर काय जाते ते सांगायला नको. शिवाय या ब्रेकने धडक पूर्णपणे टळलीच पाहिजे असेही नाही. वेग ताशी ८० वरून ५० वर आला तरी धडकेची ऊर्जा सुमारे ६० टक्क्यांनी कमी होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तेव्हा ब्रेक चालू ठेवावा आणि इशाऱ्याची वेळ ‘उशिरा’ या सेटिंगवर न्यावी. बहुतेक गाड्यांत या सेटिंगमुळे फक्त इशारा केव्हा यावा हे बदलते, शेवटच्या क्षणीचा ब्रेक तसाच राहतो. दिवसभराची विनाकारण पिपाणी थांबली की यंत्रणा पूर्णपणे बंद करण्याचा मोहही कमी होतो. अनेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला किंवा स्टिअरिंग ठामपणे वळवले तर लागणारा ब्रेक रद्द होतो, तेही मॅन्युअलमध्ये पाहून ठेवावे. आणि समोर फट दिसताच ती भरून काढण्यासाठी वेग वाढवण्याची आपली सवय थोडी आवरली, तर निम्मे प्रसंग येतच नाहीत.

ब्लाइंड स्पॉट आणि रिव्हर्स घेतानाचा क्रॉस ट्रॅफिक इशारा या दोन सुविधा मागच्या बंपरच्या कोपऱ्यांतील छोट्या रडारवर चालतात, आणि मुंबईसाठी मी त्यांना सर्वांत जास्त गुण देईन. सोसायटीच्या फाटकातून किंवा दोन मोठ्या एसयूव्हींच्या मधून मागे येताना तुम्हाला काहीच दिसत नसते, तेव्हा डावीकडून येणारी रिक्षा ही यंत्रणा तुमच्या आधी पाहते. काही गाड्यांत थांबल्यावर दार उघडतानाही मागून वाहन येत असल्याचा इशारा मिळतो. दादरच्या एखाद्या गल्लीत गाडी उभी करून उतरणाऱ्याला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. गर्दीत आरशातला ब्लाइंड स्पॉटचा दिवा जवळपास सतत पेटलेला राहतो आणि काही दिवसांनी त्याकडे लक्षही जात नाही, ही त्याची मर्यादा. लक्षात घ्या, एडास लिहिलेल्या प्रत्येक गाडीत ही मागची रडार असतातच असे नाही. फक्त समोरच्या एका कॅमेऱ्यावर चालणारे एडास असलेल्या गाड्या आपल्याकडे बऱ्याच आहेत. तुमच्या दीड लाखात मागची रडार येत नसतील, तर मुंबईच्या दृष्टीने त्यातला मोठा वाटा कमी झाला असे समजा.

साताऱ्याच्या रस्त्यावर चित्र बदलते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, पट्टे ठळक आहेत, सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि गृहीतके बऱ्यापैकी जुळतात. अटल सेतूवरही तसेच. तिथे अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझने पायाचा आणि डोक्याचा थकवा खरोखर कमी होतो, आणि रात्री उशिरा परत येताना लेन सुटल्याचा इशारा एखाद्या डुलकीच्या क्षणी उपयोगी पडू शकतो. पण याच रस्त्यावर या यंत्रणेची सर्वांत घातक मर्यादा उघडी पडते, आणि ती विक्रेते सहसा सांगत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रडार परावर्तित लहरींच्या वारंवारतेतील बदलावरून वेग ओळखते. रस्त्यात उभा असलेला ट्रक, डोक्यावरची दिशादर्शक कमान, कठडा आणि पुलाचा खांब या सगळ्या गोष्टी रडारच्या नजरेत सारख्याच असतात, कारण त्या सगळ्या तुमच्याच वेगाने तुमच्याकडे येताना दिसतात. प्रत्येक कमानीला ब्रेक लागू लागला तर गाडी चालवणे अशक्य होईल, म्हणून जास्त वेगात यंत्रणा स्थिर वस्तूंना कमी महत्त्व देते. कॅमेरा आणि रडार दोन्ही असलेल्या नव्या गाड्यांत यात सुधारणा झाली आहे, तरीही थांबलेले वाहन दरवेळी ओळखले जाईलच असे नाही, हे मॅन्युअलमध्ये सहसा स्पष्ट लिहिलेले असते. मध्यरात्री, मागचे दिवे नसलेला, मधल्या लेनमध्ये बंद पडलेला आणि मागे फक्त चार दगड मांडून ठेवलेला ट्रक, हे आपल्याकडचे नेहमीचे दृश्य आहे आणि यंत्रणेसाठी सर्वांत कठीण परीक्षाही तीच. ताशी १०० वेगाने तुम्ही सेकंदाला जवळपास २८ मीटर पुढे जाता, आणि कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावल्यावरही गाडी थांबायला ५० मीटरच्या आसपास अंतर लागते. त्यात प्रतिक्रियेचा वेळ धरलेला नाही. ट्रकच्या मागे बाहेर आलेल्या लोखंडी सळयांचेही असेच आहे. यंत्रणा ट्रकची मागची बाजू पाहून अंतर मोजते, त्या बाजूच्या अलीकडे आलेल्या बारीक सळया तिला दिसतीलच याची खात्री नाही.

दुसरी गोष्ट घाटातली. वळणावर समोरची गाडी रडारच्या कक्षेबाहेर गेली की क्रूझला रस्ता मोकळा वाटतो आणि ती ठरवलेल्या वेगाकडे गाडी पळवू लागते. खालापूर टोलनाक्यानंतर चढ लागण्याआधीच क्रूझ बंद करावे, आणि उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या ब्रेकवर उतरावे, हा जुना नियम एडासमुळे बदललेला नाही. पुण्यापुढे कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर साताऱ्याच्या दिशेने जाताना पुन्हा रस्ता वेगळा होतो. दुभाजकातून मध्येच वळणारी वाहने, उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी, महामार्ग ओलांडणारी माणसे, हे सगळे तिथे आहे, त्यामुळे द्रुतगती मार्गावर यंत्रणेवर बसलेला विश्वास तिथे तसाच पुढे नेऊ नये. परतताना त्याच बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर मागून ब्रेक निकामी झालेला ट्रक आला तर तुमचे एडास काहीही करू शकत नाही. त्याचा ब्रेक समोरचे पाहून लागतो, आणि तिथे आरशाकडे तुम्हालाच लक्ष ठेवावे लागते.

पावसाळ्याबद्दल एकच सांगतो. जुलैतल्या मुसळधार सरींत कॅमेरा तात्पुरता बंद पडल्याचा संदेश येणे हा बिघाड नाही. संदेश न येता यंत्रणा चालू राहिली तरी ओल्या रस्त्यावर क्रूझ लावू नये, कारण पाण्यावर टायर तरंगू लागले तर वेग वाढवण्याचा निर्णय गाडीच्या हाती असता कामा नये.

स्टिअरिंग सोडून हात बांधून बसलेल्या चालकांच्या चित्रफिती तुम्हीही पाहिल्या असतील. स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून यंत्रणेला फसवणारे महाभागही आहेत. कायद्याच्या दृष्टीने चालक तुम्हीच असता. मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ आणि भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ धोकादायक किंवा बेदरकार वाहन चालवण्याबद्दल आहेत, आणि त्यांत गाडीने स्वतः चालवले अशी सबब बसत नाही.

वडिलांचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांच्यासाठी एडास घ्यावे का, याचे उत्तर त्यांना नेमकी अडचण काय आहे यावर अवलंबून आहे. मान पूर्ण वळवायला त्रास होत असेल, तर ब्लाइंड स्पॉट आणि रिव्हर्सचा इशारा ही खरी मदत आहे. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन मोतीबिंदूची तपासणी करावी आणि तोवर रात्री गाडी चालवणे थांबवावे. त्या अडचणीवर कोणताही कॅमेरा हा उपाय नाही. आणखी एक बाब अनेकदा दिसते. आयुष्यभर साध्या गाड्या चालवलेल्या माणसाला स्टिअरिंग अचानक थरथरले किंवा स्वतःहून हलले तर तो दचकतो, आणि दचकून केलेली कृती मूळ धोक्यापेक्षा वाईट ठरू शकते. त्यामुळे त्यांच्यासाठी लेन कीप बंद, आपत्कालीन ब्रेक चालू आणि इशाऱ्याचा आवाज मध्यम, असे ठेवावे. एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर त्यांना प्रत्येक आवाज ऐकवून तो कशाचा आहे ते समजावून सांगावे. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की बंद केलेल्या काही सुविधा आपोआप चालू होतात. तुम्ही बंद केलेले लेन कीप दुसऱ्या दिवशी वडिलांच्या हाती चालू अवस्थेत येऊ शकते, हे दोघांनाही ठाऊक असावे.

खर्चाचा जो भाग कोणी धरत नाही तो माझ्या कामाचा आहे. समोरच्या काचेवर दगड लागून तडा गेला आणि काच बदलली, तर कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो. कॅमेरा एका अंशाने जरी फिरलेला असला, तरी ५० मीटरवर सुमारे ८७ सेंटीमीटरचा फरक पडतो. साडेतीन मीटर रुंदीच्या लेनमध्ये याचा अर्थ असा की समोरची गाडी तुमच्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, याबद्दलच गाडीचा गैरसमज होऊ शकतो. जुळवणीसाठी सपाट जमीन, समोर काही मीटर मोकळी जागा, ठरावीक अंतरावर आणि उंचीवर उभा केलेला नक्षीचा फलक, टायरमध्ये योग्य हवा आणि नीट व्हील अलाइनमेंट लागते. मुंबईतल्या अरुंद गाळ्यांत एवढी जागा मिळणे हीच मोठी गोष्ट असते. स्वस्तात काच बसवून देणारा ‘कॅमेरा आपोआप सेट होतो’ असे म्हणाला तर त्यावर विसंबू नका. काही गाड्यांत रस्त्यावर चालवून जुळवणी होते, पण त्यासाठीही दोष शोधणारे यंत्र गाडीला जोडून ती प्रक्रिया सुरू करावी लागते. विमा घेताना काचेबरोबर कॅलिब्रेशनचा खर्च मिळतो का, हे लेखी विचारून घ्या.

बंपरपुढे लोखंडी गार्ड बसवू नका. तो नियमात बसत नाहीच, आणि रडारच्या तोंडापुढे आडवा येतो. दसऱ्याला गाडीच्या नाकावर झेंडूचे जाड तोरण बांधून पूजा जरूर करा, पण गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी ते सोडा. सणानंतर ‘रडार अडवले गेले आहे’ असा संदेश येतो म्हणून आलेल्या गाडीच्या ग्रिलमध्ये सुकलेली फुले आणि दोरा अडकलेला असतो, आणि काम असते फक्त ते ओढून काढून ओल्या फडक्याने पुसण्याचे. फास्टॅग किंवा सोसायटीचे स्टिकर काचेवर कॅमेऱ्याच्या अगदी समोर चिकटवलेलेही दिसते. डॅशबोर्डवर मोठी चकचकीत मूर्ती असेल तर काचेतल्या तिच्या प्रतिबिंबाचाही कॅमेऱ्याला त्रास होऊ शकतो. ती थोडी बाजूला ठेवावी.

आता पैशांचे. सहा एअरबॅग आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा) खालच्या व्हेरियंटमध्ये नसतील, तर ते आधी, एडास नंतर. याबाबत माझ्या मनात शंका नाही. ते दोन्ही खालच्या व्हेरियंटमध्ये असतील, आणि वरच्या व्हेरियंटमध्ये मागची कोपऱ्यांतील रडार तसेच पादचारी आणि दुचाकी ओळखणारा ब्रेक मिळत असेल, तर तुमच्या परिस्थितीत मी दीड लाख रुपये देईन. त्या रकमेत बहुतांश वाटा सनरूफ, मोठा स्क्रीन आणि गार हवा सोडणाऱ्या सीटांचा असेल आणि एडास एका कॅमेऱ्यापुरते असेल, तर देणार नाही. त्याऐवजी मधला व्हेरियंट घेऊन उरलेल्या पैशांत चांगले टायर आणि डॅशकॅम घेईन.

बुकिंगपूर्वी टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी सात वाजता, तुमच्याच मार्गावर मागा. शोरूमभोवतीच्या एका फेरीत यातले काहीही कळत नाही. पहिली दहा मिनिटे सगळे चालू ठेवून चालवा, मग एकेक सुविधा बंद करून पाहा, आणि मेन्यूत ती बंद करायला किती वेळा बोट लावावे लागते तेही बघा. गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर काय लक्षात राहते ते तपासा. वडिलांना सोबत न्या, आणि रिव्हर्स घेण्याचे काम त्यांनाच करू द्या.